प्रसिद्ध व्यक्तीच्या आकस्मिक निधनाची बातमी आली की ग्रुप कसा सांभाळायचा?

पडद्यामागे (धागाकर्ता)
सिनेमा-खेळावर गप्पा मारणारा ग्रुप आहे. सदस्य ९ हजारांच्या आसपास, अ‍ॅडमिन तीन. कोणी मोठा माणूस अचानक गेला की तासाभरात पन्नास पोस्टी पडतात. निम्म्या 'भावपूर्ण श्रद्धांजली', निम्म्या 'खरंय का?', मग 'शेवटचा व्हिडिओ', आणि संध्याकाळपर्यंत घातपात की अपघात यावरून हमरीतुमरी. बातमी पक्की कधी धरायची? काय ठेवायचं, काय उडवायचं? की सरळ दोन दिवस ग्रुपला कुलूप लावावं?

कात्रणवही
दहा साइट्सनी दिलं म्हणजे दहा स्रोत झाले असं नाही. बहुतेकदा दहाही जणांनी एकाच ट्वीटवरून उचललेलं असतं. बातमीत 'हे कोणी सांगितलं' ते वाक्य शोधा. घरचे, रुग्णालय, पोलीस किंवा अधिकृत प्रतिनिधी यांपैकी कोणाचंच नाव नसेल आणि नुसती 'सूत्रं' बोलत असतील, तर थांबा. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले रुग्णालयात असतानाच त्यांच्या निधनाची बातमी सुटली. नामवंतांनी श्रद्धांजल्या वाहून टाकल्या आणि ते हयात आहेत हे घरच्यांना सांगावं लागलं. प्रत्यक्षात ते गेले २६ तारखेला.

'त्यांच्याच अकाउंटवरून आलंय' हाही पुरावा एकटा पुरत नाही. २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडेच्या स्वतःच्या इन्स्टाग्रामवर तिच्या निधनाची पोस्ट आली आणि दुसऱ्या दिवशी ती व्हिडिओत हजर! म्हणून एकमेकांवर न विसंबणारे दोन दुवे हवेत. विकिपीडियाच्या पानावर मृत्यूची तारीख दिसली तर पानाचा इतिहास उघडून ती कोणत्या संदर्भाने टाकलीय ते बघा. संदर्भ नसेल तर ती तारीख कोणीही टाकलेली असू शकते.

आणखी एक. एका खऱ्या बातमीच्या शेपटीला खोट्या लटकतात. २५ जून २००९ ला मायकेल जॅक्सन गेला, त्याच दिवशी अभिनेता जेफ गोल्डब्लमही कड्यावरून पडून गेल्याची अफवा फिरली. तो ठणठणीत होता. पहिली बातमी खरी ठरल्यावर लोकांची शंका सैल पडते, तेव्हा दुसरीला जास्त कडक चाळणी लावा.

रातपाळी
कुलूप लावू नका. लोकांना बोलायचंच असतं. इथे दार बंद केलंत तर तेच सगळं तुमची नजर नसलेल्या ठिकाणी चालतं.

एकच धागा उघडून वर पिन करा. शीर्षकात 'बातमीची खातरजमा सुरू' आणि पहिल्या ओळीत वेळ: 'दु. ३.४०: कुटुंबाकडून दुजोरा नाही'. नवं काही कळलं की जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी जोडायची. पुसलंत तर 'लपवताय' म्हणून वेगळाच वाद उभा राहतो. बाकी पोस्टी अप्रूव्हलवर टाका आणि नवे प्रश्न या धाग्याकडे वळवा. टेलिग्राम असेल तर स्लो मोड लावा, एका माणसाचा पाच मिनिटांना एक मेसेज पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फक्त अ‍ॅडमिन' हे सेटिंग दुजोरा मिळेपर्यंतच, फार तर तासभर. दुहेरी बाणाचा फॉरवर्ड म्हणजे तो पाच किंवा जास्त चॅट्समधून फिरून आलाय. असल्या वेळी तो विचार न करता उडवला तरी चालेल.

तीन अ‍ॅडमिननी एकाच वेळी जागू नका. पहिल्या रात्रीच तिघेही थकतात आणि खरी भांडणं दुसऱ्या दिवशी होतात, कारणावरून.

शवविच्छेदन_नको
रातपाळींशी सहमत, निधनापेक्षा कारणाची चर्चा जास्त नासते. 'कार्डिअ‍ॅक अरेस्ट' वाचून लोक 'हार्ट अटॅक' लिहितात. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो. अरेस्ट म्हणजे हृदयाचं काम थांबणं, आणि ते का थांबलं हे त्या शब्दात नसतंच. मग व्यायाम, लस, बायको, जो हाताला लागेल तो आरोपी. व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने) तपासणीला आठवडे लागू शकतात, तोवर 'अहवाल आल्यावर बोलू' हे एक वाक्य चिकटवत राहायचं.

सोबत कोण होतं याचे आकडेही सांभाळा. २६ जानेवारी २०२० ला कोसळलेल्या, बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटच्या हेलिकॉप्टरमध्ये त्याच्या चारही मुली असल्याचं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात एकच होती, जियाना. एकूण ९ जण गेले.

आत्महत्या असेल तर नियम वेगळे: पद्धत, जागा, चिठ्ठी यांतलं काही नाही, शीर्षकात तर नाहीच, धाग्याच्या वर मदतवाहिनीचा नंबर. ही नाजूकपणाची गोष्ट नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अभिनेता रॉबिन विल्यम्स आत्महत्येने गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्के जास्त आत्महत्या झाल्याचं २०१८ च्या अभ्यासात आढळलं.

मृतदेहाचा फोटो आणि 'अंत्यदर्शन लाइव्ह' अशी लिंक, दोन्ही ताबडतोब बाद. अशा बऱ्याच लिंका कार्ड नंबर किंवा पासवर्ड मागण्यासाठीच बनवलेल्या असतात.

पडद्यामागे
आणि 'तो काही संत नव्हता' छाप पोस्टी? किंवा 'ओळख ना पाळख, रडताय कशाला' वाले?

रातपाळी
पहिल्याला वेगळा धागा द्या, पण आरोप सार्वजनिक नोंदीतला हवा, ऐकीव नको. श्रद्धांजलीच्या धाग्यात तो आला की हलवायचा, उडवायचा नाही. दुसरा प्रकार मात्र उडवा. पडद्यावरच्या माणसाशी एकतर्फी जवळीक वाटणं याला १९५६ पासून 'पॅरासोशल' असं नावही आहे, त्यात वेडेपणा काही नाही. आणि घरच्यांना टॅग करून लिहिलेलं काहीही, स्तुती असली तरी, राहू देऊ नका. विल्यम्सच्या मुलीला छेडछाड केलेले फोटो पाठवले गेले आणि तिने काही काळ ट्विटर सोडलं होतं.