स्किझोफ्रेनियाचे उपप्रकार पेपरात लिहायचे की नाही? मदत हवी आहे

बी.ए.ला मानसशास्त्र आहे, मराठी माध्यम, कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. ग्रंथालयातल्या पुस्तकात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे पॅरानॉइड (संशय-भ्रमाचा), कॅटाटोनिक (हालचाली थिजण्याचा) वगैरे उपप्रकार दिलेत. पण डीएसएम-५ मध्ये (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका, २०१३) ते काढून टाकलेत ना! निदानासाठी लक्षणं किती काळ हवीत, याचाही घोळच: डीएसएममध्ये सहा महिने, आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) एकच महिना. तासिकेवरचे सर म्हणतात, पुस्तकातलंच लिहा. जुन्या प्रश्नपत्रिका पाहिल्या, त्यात नुसतं 'प्रकार स्पष्ट करा'. यूट्यूबवर सारं हिंदी-इंग्रजी, अन् लाइन गेली की नेटवर्कही जाते. अमरावती विद्यापीठाचे पेपर तपासणारे किंवा नुकतेच पास झालेले कोणी असाल तर सांगा: मोठ्या उत्तरात जुने उपप्रकार लिहून शेवटी डीएसएम-५ चा बदल नोंदवला तर चालते का, की मार्क कापतात?