कॅसेट माझी, तर प्रत काढायला बंदी काहून?

बर्डीकर:
कूलर काढायला माळ्यावर चढलो अन् कॅसेटींचा खोका सापडला. वर पत्रा, त्यात नागपूरचा मे. दोन-चार कॅसेटी अशा वाकल्या की टेपमध्ये बसतच नाहीत. एकीची फीत पेन्सिल घालून गुंडाळली, वाजवली, तर गायिका पाण्यात बुडून गाते जशी. म्हणून उरलेल्या कॉम्प्युटरवर उतरवून राहिलो. भाचा म्हणतो, "मामा, ही चोरी आहे." नगद पैसे मोजून घेतलेल्या मालाची चोरी मीच कशी करणार बे?

कलमबहाद्दर:
भाचा हुशार आहे. तुम्ही घेतली ती फीत, गाणं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रत काढायचा हक्क गाण्याच्या हक्कांच्या मालकाचा, कॅसेटच्या नाही. कॉम्प्युटर प्रोग्रामची राखीव प्रत ठेवायला कायद्यानं चक्क नाव घेऊन मुभा दिली आहे. गाण्यांसाठी तशी ओळ दाखवा.

इतवारीचा श्रोता:
दाखवतो. कलम ५२. खाजगी वापरासाठी 'फेअर डीलिंग', म्हणजे रास्त वापर, चालतं. आधी यात ध्वनिमुद्रण नव्हतं, तेव्हा तुमचं म्हणणं खरं होतं. २०१२ च्या दुरुस्तीनं 'कोणतीही कृती' (म्हणजे कोणतंही काम, ध्वनिमुद्रणही) असा शब्द आला, फक्त कॉम्प्युटर प्रोग्राम वगळून. वगळले म्हणूनच त्यांची सोय वेगळी लिहिलेली आहे. तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटला की!

कलमबहाद्दर:
'फेअर' म्हणजे किती, याची व्याख्या कायद्यात कुठंय? ब्रिटननं २०१४ मध्ये स्वतःच्या सीडीची स्वतःपुरती प्रत काढायची सूट दिली. संगीतवाले कोर्टात गेले, अन् २०१५ मध्ये ती रद्द झाली. कलाकारांना भरपाई नको, हे तिथलं सरकार कोर्टाला पुराव्यानिशी पटवू शकलं नाही. जर्मनीत कोऱ्या सीडीच्या किमतीतच ती भरपाई असते. आपल्याकडे काय आहे?

महालची मावशी:
ब्रिटन राहू द्या. भाऊ, गाणी उतरवून झाल्यावर त्या कॅसेटी विकणार का? अन् भाच्याला पेन ड्राइव्ह भरून देणार का? खरी गोम तिथं आहे. घरात ऐकणं खाजगी. कॅसेट विकून गाणी ठेवली, तर एका पैशात दोन माल झाले.

बर्डीकर:
मावशी, बरोबर पकडलं. विकायच्या नव्हत्या, पण पेन ड्राइव्हचं कबूल करून बसलो होतो. तशी आमची पिढी काही धुतल्या तांदळाची नाही. बर्डीवर दुकानात यादी दिली की साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून मिळायची. तिसाव्या मिनिटाला अर्धा अंतरा तुटायचा, तरी पैसे पूर्ण.

कलमबहाद्दर:
ती तर उघड पायरसी! दुकानदार धंदा करत होता, त्यात खाजगी काय?

इतवारीचा श्रोता:
ते मान्य. एक राहिलं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९६० सालच्या रेकॉर्डवरचा २०२० संपताच सुटला. पण शब्द अन् चाल वेगळी. तिथं कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं मोजायची. त्यामुळे 'जुनं ते फुकट' म्हणू नका.

बर्डीकर:
भाच्याला सांगितलं, घरी ये अन् ऐक, तर्री-पोहे मिळतील. पेन ड्राइव्ह नाही. आता अडचण एकच. टेपचा बेल्ट सैल झाला, गाणी रेंगाळून राहिली. सदरला बेल्ट बदलून देणारं कोणी उरलंय का?