मदत हवी आहे: गर्भपिशवी काढण्याआधी दुसरा सल्ला कुठे घ्यावा? (बीड जिल्हा)

माझी जाऊ ऊसतोड कामगार आहे, वय 34, दोन मुलं. अंगावरून पांढरं जातं आणि ओटीपोट दुखतं. खासगी दवाखान्यात फक्त सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." पॅप स्मिअर (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) केली नाही. औषधाचं विचारलं तर, "मुलं झालीत ना, आता पिशवीचं काय काम?" शहरातल्या शिकलेल्या बाईला असं बोलले असते का?

2019 मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा एवढा गाजावाजा झाला, की खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. म्हणून आता तिला शेजारच्या जिल्ह्यात जाऊन करा म्हणतात.

ग्रामीण रुग्णालयात जाऊन आलो, स्त्रीरोगतज्ज्ञ भेटले नाहीत. आशाताईंनी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं नाव सुचवलंय. सोनोग्राफीचा रिपोर्ट जवळ आहे, रेशनकार्ड केशरी.

अडचण अशी की मुकादमाची उचल (कामाआधी आगाऊ घेतलेले पैसे) घेतलीय आणि दसऱ्यानंतर टोळी निघेल. फडावर (ऊसतोडीच्या शेतात) एक खाडा पडला तरी पैसे कापतात, मग ऑपरेशननंतर दीड-दोन महिने जड मोळी उचलायची नाही हे कसं पाळणार? शिवाय बीजकोषही काढले तर या वयात हाडं ठिसूळ व्हायची भीती आहे.

अंबाजोगाईला एकाच फेरीत तपासणी आणि पॅप स्मिअर दोन्ही होतं का? कोणत्या वारी जावं? आणि ऑपरेशन खरंच लागलं, तर ते महात्मा फुले योजनेत (सरकारी मोफत उपचारांची योजना) बसवायला आधी कुठले कागद जमवून ठेवू?