पीसीच्या एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये) पैसे वाचवू नका
एडिटिंगच्या नव्या पीसीसाठी तुम्ही पार्ट्सची यादी टाकलीय, त्यात रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड ही जोडी मस्त जमलीय तुमची, पण यादीतला तो कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस कृपया नका घेऊ हो. ४०७० एकटंच २०० वॅटपर्यंत ओढतं, ते बनवणारी एनव्हिडिया स्वतः ६५० वॅटचा एसएमपीएस सांगते, तेव्हा चांगल्या कंपनीचा तेवढा तरी घ्याच. माझा स्वस्तातला एसएमपीएस व्हिडिओ रेंडर होत असताना गेला, आधी जळका वास आला न मग सगळं बंद, मदरबोर्डपण गेला त्यात. आणि रॅम १६ जीबीची एकच नको, दोन घ्या, एडिटिंगला ३२ लागतेच, प्रोसेसरकडून मोजून मदरबोर्डवरच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग, ऑन करा, नाहीतर ६००० स्पीडची रॅम ४८०० वरच चालत राहते. आरजीबी पंखे नंतरपण घेता येतील.