लॅब टेक्निशियन निवडायचाय, वीस मिनिटांत काय बघू?

एकाकी_पीआय
पुण्यात छोटी लॅब आहे. मातीतले जिवाणू, क्लोनिंग, पीसीआर. तीन वर्षांचा प्रोजेक्ट आणि टेक्निशियनची जागा एकच. मागच्या दोन्ही खेपेला एमएस्सी फर्स्ट क्लास घेतले. पहिल्याची नेट निघाली, पाच महिन्यांत गेला. त्याला तरी काय बोलणार, जेआरएफचे (संशोधन फेलोशिपचे) महिना 37,000 कोण सोडेल? दुसरीला थिअरी तोंडपाठ, पण रिस्ट्रिक्शन एन्झाइमची (डीएनए कापणारं, थंडच ठेवायचं) ट्यूब टेबलावर ठेवून जेवायला जायची. बर्फ दोन हातांवर! आता बीएस्सी, डीएमएलटी (पॅथॉलॉजी लॅबचा डिप्लोमा) वाल्यांचेही अर्ज आलेत. प्रत्येकाला वीस मिनिटं देता येतील.

जुना_ऑटोक्लेव्ह
विचारत बसू नका, करायला लावा. मी 26 वर्षं हेच काम केलं. 50एक्स टीएईची (जेलसाठीचं बफर, पन्नासपट घट्ट) बाटली समोर ठेवा, अर्धा लिटर 1एक्स करायला सांगा आणि त्यातलाच 50 मिलीचा एक टक्का जेल ओतायला लावा. दहा मिली स्टॉक, बाकी पाणी, अर्धा ग्रॅम अ‍ॅगारोज (जेल घट्ट करणारी पावडर). गणित शाळेतलं आहे, तुम्ही हात बघा. मायक्रोवेव्हमधून काढल्या काढल्या फ्लास्क हलवला की उसळून अंगावर येतो. एकदा भाजलेला माणूस थांबतो. पिपेट बुडवायच्या आधी पहिल्या थांब्यापर्यंतच दाबतो की पार तळापर्यंत (मग माप जास्त येतं)? काट्यावर सांडलेली पावडर न सांगता पुसतो का?
डीएमएलटीवाल्यांना कमी लेखू नका. रोज सकाळी ढीगभर नमुन्यांवर नावं घातलेली असतात, त्यांच्या हातून ट्यूब हरवत नाही. (मार्कर साधा नको, इथेनॉलने पुसला जातो. माझ्या बारा मिनीप्रेप, म्हणजे डीएनएच्या ट्यूब, अशाच बेवारस झाल्या.)

गुरुवारची_लाईट
सर, गुरुवारी लाईट गेली तर मायनस एटी फ्रीझरचं काय कराल, हेही विचारा. आमच्याकडे एक जण म्हणाला, "दर अर्ध्या तासाने उघडून बघेन." दारच उघडायचं नसतं हो!
आणि जाहिरातीत खरं लिहा. काचसामान धुणं, तीन कोटेशनं मागवणं, नायट्रोजनच्या सिलिंडरमागे पळणं, सगळं. ग्रांट उशिरा येते तेही आधीच सांगा. मी चार महिने उधारीवर काढलेत, त्यावर कोणी बोललं नव्हतं.

एकाकी_पीआय
काका, तुमचीच परीक्षा घेतली. सहा जण आले. दोघांनी दहाऐवजी पन्नास मिली स्टॉक ओतला, एकाने फ्लास्क हलवलाच. बारामतीकडची एक बीएस्सी झालेली मुलगी पिपेट हातात घेऊन म्हणाली, "सर, हे शेवटचं कधी तपासलंय?" मला आठवेना. तिने काट्यावर बीकर ठेवून पाच वेळा 200 मायक्रोलिटर पाणी सोडलं. एक ग्रॅम यायला हवं, आलं 0.91. पुन्हा केलं, तेवढंच.
मार्चपासून लायगेशन (डीएनएचे तुकडे जोडणं) का बिघडतंय म्हणून मी विद्यार्थ्यांना झापत होतो. सोमवारपासून रुजू होतेय ती. पिपेटं आज कॅलिब्रेशनला पाठवली.