अडीच वर्षांच्या लेकाची शी अडकलीय, रडून घर डोक्यावर घेतलंय – लगेच सुचवा (शीर्षकात वय नंतर टाकलं)

तापीकाठची
मदत हवीये आणि लवकर हवीये. लेकाला चार दिवस झाले, शी नाही. मधूनमधून जोर येतो, लालबुंद होतो, किंचाळतो, आणि होत काहीच नाही. काल अर्धी रात्र कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या. डॉक्टरांकडे जाऊन आलोय, त्यामुळे नुसतं 'डॉक्टरांना दाखवा' लिहायला कोणी येऊ नका. मनुकांचं पाणी झालं, केळी झाली, पपई तोंडात घेतो आणि थुंकतो. सासूबाई फोनवर एरंडेल म्हणतात, आई साबणाची वडी म्हणते. आत्ता या घडीला काय करता येईल ते सांगा.

भुसावळ_जंक्शन
वय?

तापीकाठची
अडीच.

भुसावळ_जंक्शन
महिने?

तापीकाठची
वर्षं हो! पपई थुंकतो लिहिलंय ना वर.

जिजी_अमळनेर
घाबरू नको माय. मन्हा नातूले बी आसंच व्हयेल व्हतं. बाळहिरडा सहाणेवर दोन-तीन वळसे उगाळायचा, कोमट पाण्यात चाटवायचा. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लाव. तरी नाही झालं तर विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून हलकेच लावायचा. आमच्या घरात सगळी पोरं यावरच वाढली.

सिस्टर_धुळे
हिंग बेंबीला लावा, त्याने बिघडत काही नाही. पण देठ आणि साबण नको म्हणजे नको. साबणाने आतली नाजूक त्वचा जळते, देठाने ओरखडा पडतो. आणि मुख्य म्हणजे पोराला आधीच तिथे दुखतंय, त्यात आपण आणखी काही खुपसायला गेलो की त्याची भीती दुप्पट होते. एरंडेलही नको, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात, पोरगं सुकतं. आणि बाहेर ऊन काय आहे बघताय ना.
ताई, मी बालरोग वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून विचारते. पोट फुगून टणक झालंय का? हिरवी उलटी? ताप? शीला रक्त लागतं का? आणि हे आत्ताच सुरू झालं की आधीपासून आहे?

तापीकाठची
उलटी, ताप काही नाही. पोट थोडं फुगलेलं असतं, दाबलं तर मऊ लागतं, डाव्या बाजूला खाली मात्र गाठीसारखं काहीतरी हाताला येतं. रक्त मागच्या वेळी एक बारीक रेघ होती वरून. आधीपासून म्हणजे… अधूनमधून असतंच. थंडीत जास्त झालं होतं.

इसबगोलप्रेमी
मला स्वतःला वीस वर्षांपासून हा त्रास. रात्री दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, मग चहा, मग शतपावली. चहाशिवाय होत नाही हा माझा अनुभव.

भुसावळ_जंक्शन
अहो काका, अडीच वर्षांच्या पोराला चहा पाजून शतपावली घालायला सांगताय का?

इसबगोलप्रेमी
मी माझा अनुभव सांगितला. ज्याला पटेल त्याने घ्यावा.

सिस्टर_धुळे
इसबगोल इतक्या लहान मुलाला देऊ नका. वरून पुरेसं पाणी गेलं नाही तर ते फुगून आणखी अडकतं.
ताई, दूध किती पितो?

तापीकाठची
दूध पितो हो भरपूर, त्याची काळजी नाही. जेवत नाही म्हणून दुधावरच आहे जवळजवळ. सकाळी, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री, आणि रात्री उठला की एक बाटली. म्हशीचं, घरचं आहे. बाहेरचं पिशवीतलं नाही.

भुसावळ_जंक्शन
सापडलं! वर याचा उल्लेखच नव्हता.

तापीकाठची
दूध वाईट असतं का आता?

सिस्टर_धुळे
वाईट नाही. दिवसाला साधारण अर्धा लिटरच्या आत असावं, एवढंच. बाटल्या पाच झाल्या की पोट भरतं, भूक मरते, भाकरी-भाजी-फळ आत जातच नाही. चोथा नाही तर शीला आकार देणार कोण? शिवाय दुधात लोह कमी, मग रक्त कमी भरतं, मग डॉक्टर लोहाचं सिरप देतात. काही मुलांना त्यानेही शी कडक होते. चालू आहे का सिरप?

तापीकाठची
आहे. काळं येतं म्हणून ओळखलंत का?

केळीवाला_रावेर
धाग्यात केळीचं नाव आलं म्हणून लिहितो. लोक म्हणतात केळीने पोट बांधतं आणि आमच्या मालाला नावं ठेवतात. काय भो, कुठलं केळ खाता ते तरी सांगा! साल पिवळी असली म्हणजे पिकलं असं नाही. व्यापारी घाईत कार्बाइड मारतो, ज्याला बंदी आहे, वरून पिवळं आणि आतून दगड. कच्च्या केळाच्या गरात पाचवा हिस्सा नुसता स्टार्च असतो, तो पचत नाही आणि पोट धरतो. तेच केळ नीट पिकलं की स्टार्चची साखर होते. सालीवर तपकिरी ठिपके पडलेलं केळ द्या, देठाजवळ हिरवं असलेलं देऊ नका. २०१६ साली जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगाच नाही.

चाळीसगावची_सून
जीआयचा आणि शीचा काय संबंध? माझ्या मुलीला पिकलं केळ दिलं तरी अडकायची. बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला केळ बंदच सांगितलं होतं.

केळीवाला_रावेर
केळ बंद केलं आणि बिस्किटं चालू ठेवली असतील.

चाळीसगावची_सून
बिस्किटं कोणी सांगितली तुम्हाला? मी माझ्या घरातलं सांगतेय. आणि जिजींनी सुचवलेलं सगळं टाकाऊ आहे असंही नाही, आमच्याकडे काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी चुरून पाण्यासकट द्यायचो, त्याने फरक पडला. अंजीर तर उत्तमच. फक्त चमच्याने दोन दाणे नाही, मूठभर भिजवावे लागतात.

सिस्टर_धुळे
केळीवरून भांडू नका. पिकलेलं केळ ठीक आहे, पण मुख्य अडचण केळ नाही. ताई, एक नीट सांगा. जोर येतो म्हणता तेव्हा तो बसतो की उभा असतो?

तापीकाठची
उभाच. पडद्यामागे जातो, एका हाताने खिडकीचा गज धरतो, पाय एकमेकांत आवळतो, टाचा उचलून चवड्यांवर उभा राहतो आणि थरथरतो. डोळ्यांत पाणी येतं. आई म्हणते किती कुंथतोय बिचारा. मी बस म्हटलं की पळून जातो. घाम सुटतो अंगाला.

सिस्टर_धुळे
तो कुंथत नाहीये, धरून ठेवतोय. हे पहिल्यांदा बघणाऱ्या सगळ्यांना उलटंच वाटतं. बाहेर काढायला जोर लावणारं पोर पाय फाकवून वाकतं. पाय आवळून, टाचा उचलून, ढुंगण आत ओढून उभं राहिलं की समजायचं ते शीला येऊ देत नाहीये. कारण मागे एकदा कडक आली, चीर पडली, रक्ताची रेघ तुम्ही सांगितलीच, आणि पोराने मनाशी ठरवलं की पुन्हा ते दुखणं नको. मग धरलं की आतडं त्यातलं पाणी ओढून घेतं, शी आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. असं चक्र आहे. डाव्या बाजूची गाठ ती साठलेलीच असेल. आता हे विचारते, चड्डीला पातळ डाग लागतात का?

तापीकाठची
लागतात! गेल्या आठवड्यात दिवसभर थोडं थोडं पातळ होतं. आम्हाला वाटलं आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आमरस बाधला, जुलाब झाले. मग दहीभात, साबुदाण्याची पेज, जुलाब थांबवायचं एक औषध घरात होतं ते दिलं.

भुसावळ_जंक्शन
हे तर तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

तापीकाठची
मला वाटलं त्याचा संबंध नाही. आखाजीला माहेरी चोपड्याला आलेय, इथे सगळंच वेगळं चाललंय. सांजोऱ्या, पुरणपोळी, रस. आणि इथे संडास अंगणापलीकडे आहे, अंधारा, तो तिथे पाऊल ठेवत नाही. घरी धुळ्याला कमोडवर छोटी सीट लावलीये.

पाचोरा_पॅसेंजर
चोपड्याला कुठल्या गल्लीत माहेर? माझी मावशी तिथलीच.

सिस्टर_धुळे
जुलाब थांबवायचं औषध पुन्हा नको, त्यातली काही आतड्याची हालचालच मंदावतात. नालीत दगड अडकला की पाणी त्याच्या कडेने झिरपतं ना, तसं हे आहे. आत घट्ट गोळा, आणि वरचं पातळ बाजूने गळतं. मुलाला कळतही नाही, कारण गोळ्याने खालचं आतडं ताणून ढिलं पडलेलं असतं. त्याला यासाठी रागवू नका, तो मुद्दाम करत नाही.
एवढं साठलेलं असेल तर नुसत्या मनुका-अंजिरांनी सुटत नाही. आधी साठलेलं बाहेर काढायचं, आणि ते काम डॉक्टरच्याच सांगण्याने. डॉक्टरांनी काय दिलं होतं?

तापीकाठची
एक पावडर. पाण्यात विरघळवून. पॉलिएथिलीन असं काहीतरी नाव. चौथ्या दिवशी शी झाली, मग बंद केली. सवय लागते म्हणतात ना औषधाची, मग आयुष्यभर त्यावाचून होत नाही.

चाळीसगावची_सून
आमच्या सासूबाईंनीही तेच सांगून मुलीचं लॅक्टुलोजचं औषध बंद करायला लावलं होतं. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

जिजी_अमळनेर
औषधाची सवय लागतेच. आमच्या वेळी कुठे होत्या पावडरी.

सिस्टर_धुळे
जिजी, तुमच्या वेळी पोरं दूध कमी, भाकरी जास्त खायची, आणि तुम्ही अंगणात दोन पायांवर बसवून शी काढायचात. ती बैठक चांगलीच. पण सवयीचं म्हणाल तर पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्याला ढकलत नाही. पाणी धरून ठेवतं आणि शी मऊ करतं. रक्तात जवळजवळ जातच नाही. लॅक्टुलोजही पाणी ओढूनच काम करतं. सवय औषधाची नाही, धरून ठेवायची लागलेली असते. ती मोडायला शी दररोज, न दुखता, मऊ यायला हवी, आणि तेही बरेच आठवडे, कित्येकदा महिने. चौथ्या दिवशी बंद केली की पोर पुन्हा घाबरतं. कमी कशी करायची, कधी थांबवायची, ते डॉक्टर सांगतील. डोस इथे कोणी सांगू नका, वजनावर असतो.

गाईचं_तूप_शिरपूर
शुद्ध गीर गाईचं तूप, सकाळी कोमट पाण्यात एक चमचा, लहान मुलांना रामबाण. माझ्याकडे मिळेल, घरपोच.

धागा_व्यवस्थापक
जाहिरात चालणार नाही. पुढची थेट काढून टाकू.

भुसावळ_जंक्शन
तूप चमचाभर भाकरीवर द्यायला हरकत काय, जाहिरात सोडली तर?

सिस्टर_धुळे
भाकरीवर द्या ना. ज्वारीची, बाजरीची, आपली कळण्याची भाकरी, कुस्करून वरणात. मेथी चिरून मुगाच्या खिचडीत. पपई खात नसेल तर पेरू बिया काढून, नाहीतर चिकू. ऊन बघता पाणी, ताक, पन्हं दिवसभर घोट घोट. बाटली मात्र आधी रात्रीची तोडा, मग हळूहळू बाकीच्या. एकदम सगळ्या बंद केल्या तर घरात युद्ध होईल.
बसवायचं म्हणाल तर जेवल्यानंतर पाच-दहा मिनिटं. पोटात घास गेला की खालचं आतडं हलतं, तो वेळ पकडायचा. चोपड्याच्या अंधाऱ्या संडासात नेऊ नका. अंगणातच छोटं भांडं, पायांखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर. झालं नाही तरी शाबासकी बसण्याची, शीची नाही. आणि कोणी 'शी कर, शी कर' म्हणत भोवती उभं राहायचं नाही, आजीसुद्धा.

पाचोरा_पॅसेंजर
मी विचारलेलं राहिलं. चोपड्यातली गल्ली?

जिजी_अमळनेर
पाट ठेवायचं पटलं. माझं बाळहिरड्याचं मत बदललं नाही.

केळीवाला_रावेर
पिकलेलं केळ राहू द्या तेवढं.

सिस्टर_धुळे
राहू द्या. ताई, गाठ हाताला लागतेय आणि चार दिवस झालेत, म्हणून उद्याच दाखवा. पावडर चौथ्या दिवशी थांबवली आणि जुलाब थांबवायचं औषध दिलं, दोन्ही सांगा. उद्यापर्यंत पोट टणक झालं, हिरवी उलटी झाली, ताप आला, किंवा पोर मलूल पडलं तर रात्रीच निघा. आणि जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली होती का, तेही आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

तापीकाठची
झाली होती, दुसऱ्याच दिवशी, हे पक्कं आठवतंय. 'डॉक्टरांना दाखवा' नको म्हणाले होते, पण कारणासकट सांगितलंत म्हणून जाते. इथल्याच बालरोगतज्ज्ञांकडे सकाळी.

तापीकाठची
जाऊन आलो. पोट तपासलं, साठलेलं आहे म्हणाले. दोन-तीन दिवस तीच पावडर जास्त प्रमाणात, मग कमी करून रोज, आणि एका महिन्याने पुन्हा बोलावलंय. लोहाचं सिरप सध्या चालू ठेवायला सांगितलं, रक्त तपासून बघू म्हणाले. एरंडेलाची बाटली सासूबाईंकडेच राहिली ते बरं. आता एकच प्रश्न. पावडर नुसत्या पाण्यात दिली की फुर्रकन उडवतो. दुधात घालून दिली तर चालेल का? डॉक्टरांना विचारायचं राहिलं.

सिस्टर_धुळे
साधी, बिनचवीची असेल तर पाणी, दूध, ताक, सरबत कशातही विरघळते. खारट लागणारी, क्षार घातलेली असेल तर पाकिटावर बघा आणि औषधाच्या दुकानात फोन करून खात्री करा. पुडीला जेवढं पाणी सांगितलंय तेवढा द्रव पूर्ण गेला पाहिजे, निम्मा ग्लास पिऊन ठेवला तर निम्माच डोस. आणि दूध वापरलंत तर ते दिवसाच्या अर्ध्या लिटरमध्ये मोजा.

भुसावळ_जंक्शन
आमरसात घालू का, हा पुढचा प्रश्न येणार बघा.

तापीकाठची
तोच विचारणार होते.

सिस्टर_धुळे
रस घट्ट असतो, गोळ्या राहतात. आधी पाण्यात नीट विरघळवा, मग थोड्या रसात मिसळून चमच्याने द्या. पण रसावर जेवण नको, दोन चमचे पुरे.