भेंडीचं टोक मोडलं आणि… परदेशातली पहिली भाजीखरेदी

जर्मनीत येऊन तिसरा दिवस. स्टुटगार्टमधल्या एका तुर्की दुकानात भेंडी दिसली, करंगळीच्या अर्ध्याएवढी. सवयीने एकीचं टोक मोडलं. कट्ट! कोवळी होती. दुसरीचं मोडेपर्यंत दुकानदारकाका गल्ल्यावरून उठून आलेच. त्यांचं जर्मन धड नव्हतं, माझं तर नव्हतंच. त्यांनी माझ्या हातातल्या दोन्ही भेंड्या पिशवीत टाकल्या, वर स्वतःच्या मनाने दोन मुठी भरल्या आणि काट्याकडे बोट केलं. मुकाट्याने पैसे दिले. भेंडीला ते 'बाम्या' म्हणतात, हे त्या दिवशीचं ज्ञान.

पुढे कळलं की इथल्या आठवडी बाजारात बहुतेक ठिकाणी मालाला हातच लावायचा नसतो. किती हवं ते सांगायचं, भरून ते देणार. वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे, दुधीला नख लावून बघ, नारळ कानाशी हलव… आईची वीस वर्षांची शिकवणी पाण्यात! आणि मूठभर मिरच्या-कोथिंबीर वर मागायची सोय नाही ती नाहीच.

तुमचं काय झालं ते लिहा. 'आमच्याकडे सगळं मिळतं हो' म्हणणाऱ्या न्यू जर्सीतल्या एडिसनकरांनी आणि दुबईकरांनीही लिहावं, पण जरा जपून. आमची जळते.

ओहायो
कोथिंबीर समजून पार्सली आणणाऱ्यांच्या यादीत माझंही नाव घ्या. पोह्यांवर भुरभुरल्यावर कळलं. आता पान चुरगळून वास घेतल्याशिवाय जुडी उचलत नाही. आमच्या दुकानात पालेभाज्यांवर अधूनमधून पाण्याचे फवारे उडतात आणि त्याआधी स्पीकरवर ढगांचा गडगडाट वाजतो. पहिल्यांदा मी छत्रीसाठी पिशवीत हात घातला होता! दुसरी गंमत आकड्यांची. काउंटरवर आपलं आपण बिल करताना केळ्यांना ४०११ दाबायचं, सेंद्रिय असतील तर आधी ९ लावायचा. लेकीला पाढे यायच्या आधी ४०११ यायला लागलं.

टोकियो
इथे निवडायचा प्रश्नच येत नाही. तीन वांगी, चार काकड्या, सगळं पिशवीत बंद आणि सगळं एका मापाचं. मुळा मात्र लांबलचक, म्हणून अर्धा कापूनही मिळतो. वरचा अर्धा गोडसर, तो कोशिंबिरीला, खालचा तिखट. पण बहुतेक वेळा पाला छाटलेला! पाल्याशिवाय मुळ्याची भाजी करायची कशी? शेवटी काबु नावाचा पांढरा सलगम सापडला, तो पाल्यासकट मिळतो. त्याच्या पाल्यात मूगडाळ घालून परतते. संध्याकाळी उशिरा गेलात तर मालावर अर्ध्या किमतीचे स्टिकर लावायला माणूस निघतो. त्याच्या मागे चार हात अंतर ठेवून, आपण सहजच आलोय असं दाखवत फिरायचं.

लंडन
रस्त्यावरच्या बाजारात पौंडाला एक वाडगा. वरून लालबुंद टोमॅटो, तळाशी काय ते घरी कळतं. म्हणजे अगदी मंडईच!
पण माझी खरी आठवण २०१४ ची. मालात फळमाशी आणि कीड सापडली म्हणून युरोपीय संघाने १ मेपासून भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूवरही. पेपरात सगळीकडे हापूसचं रडगाणं, अळूसाठी कोणी अश्रू ढाळल्याचं माझ्या वाचनात नाही. आंबा २०१५ च्या जानेवारीत सुटला, भाज्या मागेच राहिल्या. त्या श्रावणात फदफदं पालकाचं केलं. सासूबाई फोनवर "चालतं गं" म्हणाल्या, पण आवाजावरून चालत नव्हतं.

मेलबर्न
मी २०११ मध्ये शिकायला आलो आणि त्याच फेब्रुवारीत यासी वादळाने क्वीन्सलँडच्या केळीच्या बागा झोपवल्या. देशातली बहुतेक केळी तिकडचीच, आणि रोग येऊ नयेत म्हणून बाहेरची ताजी केळी इथे येत नाहीत. भाव किलोला दहा डॉलरच्या वर गेला. आम्ही पाच पोरांनी सत्यनारायण घातला, त्यात शिऱ्याला मिळून एकच केळं. ते कोणी कुस्करायचं यावर वाद झाला. आंबे इथे नाताळात येतात, याची सवय अजून झालेली नाही.

दुबई
जपून लिहितो. मेथी, शेपू, गवार, सगळं मिळतं. टाकळा आणि फोडशी मात्र मला कधी दिसली नाही. त्यांना पाऊस लागतो.

मिलान
आमच्याकडे सुपरमार्केटात प्लास्टिकचा हातमोजा घालून हवं ते निवडा, आपणच वजन करा, चिठ्ठी चिकटवा. मी चिठ्ठी विसरले आणि रांगेतून परत पळाले, मागे दहा माणसं. स्टुटगार्टकर ताई, मोज्यातूनही हलकं वांगं कळतं बरं का!
टोकियोवाल्या ताई, तो काबुचा पाला कडू नाही लागत?

टोकियो
थोडा लागतो. चिरून मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, मग पिळून घ्या. फोडणीत लसूण जरा सढळ हाताने.